दोरावर उभी अक्षरं

ऐका. फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, ते नेमकं कुणाला सांगता येत नाही, कारण तेव्हा चिंचखड्यात घड्याळ एकच होतं, शाळेतलं, आणि ते मनाला येईल तेव्हा चालायचं. पण शाळेपुढच्या दोन चिंचा तेव्हाही एवढ्याच जुन्या होत्या, असं म्हणतात. या गोष्टीतलं काही पटलं नाही, तर मला विचारू नका, चिंचांना विचारा. त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

तर चिंचखड्याचा एक रिवाज होता. आपल्याकडे म्हण आहे ना, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. बाकीच्या गावांनी ती म्हण म्हणून ठेवली; चिंचखड्यानं तिचा कायदा केला. डोंबारी असो, मदारी असो, कुणीही फिरस्ता असो, त्यानं ओढ्याकाठी पाल ठोकावं, तीन दिवस खेळ करावा, मिळेल ती भाकरी खावी आणि निघावं. चौथ्या दिवशी फिरस्त्याचा पाय गावच्या जमिनीला लागता कामा नये. लागला तर पाटलाची माणसं पाल उपटून ओढ्यापलीकडे, शिवेबाहेर नेऊन टाकत. बापजाद्यांपासून असंच चाललं होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नव्हतं.

झुंबर ही सुभाना डोंबाऱ्याची लेक. बाप ढोलकी वाजवायचा, लेक दोरावर चालायची. झुंबर म्हणजे छताला लटकणारं. पण या पोरीनं लटकायचं कधी नाव घेतलं नाही. दोन बाजूंना बांबूची घोडी, मध्ये ताणलेला दोर, हातात आडवी काठी, आणि दोरावर ही ताठ उभी. जमिनीवर चालायच्या आधी ती दोरावर चालली, असं म्हणतात. सुभानानं तिला एकच गोष्ट शिकवली होती: "दोर पायाखाली ठिवायचा, झुंबरे. दोराखाली लोंबलं त्ये पडलं."

झुंबर नऊ वर्षांची असताना तिचं पाल चिंचखड्याला आलं. दुपारी खेळ नसला की पोरगी गावभर हिंडायची. हिंडता हिंडता शाळेपाशी आली आणि आतला गलका ऐकून थबकली. दारात उभं राहिलं तर गुरुजींची छडी दिसत होती. म्हणून ती मागच्या बाजूला गेली. गुरुजींच्या पाठीमागे एक खिडकी होती. तिथून गुरुजींची फक्त शेंडी दिसायची, आणि शेंडीला डोळे नसतात. झुंबर खिडकीच्या गजांना धरून आत बघू लागली.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. फळा होता खिडकीच्याच भिंतीला, तो तिला दिसत नव्हता. दिसत होत्या समोर बसलेल्या पोरांच्या मांडीवरच्या पाट्या. पोरं गुरुजींकडे तोंड करून बसलेली, झुंबर पोरांकडे तोंड करून उभी. म्हणजे त्या पाट्यांवरची अक्षरं पोरांना सुलटी आणि झुंबरला उलटी. आपण अक्षराच्या डोक्यावर रेघ ओढतो. तिला ती रेघ दिसली अक्षराच्या पायाखाली.

दुसरी कुणी पोर असती तर गोंधळली असती. ही होती डोंबाऱ्याची. तिनं बघितलं, एक लांब दोर ताणलाय आणि दोरावर एकेक जण उभा आहे. पोरं ओरडत होती "ठ ठशाचा", आणि तिला दिसत होती डोक्यावर घागर घेऊन दोरावर उभी राहिलेली बाई. 'ग' म्हणजे जोडीनं चाललेले बाप आणि लेक. 'त' म्हणजे एक पाय पुढे टाकलेली पोरगी. झुंबरला हसूच फुटलं. ही तर आपलीच माणसं! तिला वाटलं, अक्षरं ज्यानं कुणी काढली तो डोंबारीच असणार.

दोन दिवस ती खिडकीशी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना. ती वळसा घालून सरळ दारात आली.

"गुर्जी, मला बी बसू द्या."

धोंडोपंत गुरुजी तेव्हा तरणे होते, मिसरूड नुकतं फुटलेलं. मनानं वाईट नव्हते. त्यांनी पट उघडला, टाक शाईत बुडवला.

"नाव?"

"झुंबर."

"वडलांचं?"

"सुभाना."

"गाव?"

"आज हेच."

वर्ग फिदीफिदी हसला. गुरुजीही हसले.

"आणि उद्या?"

उद्याचं झुंबरला कुठे ठाऊक होतं? उद्याचं फक्त गाढवाला ठाऊक, कारण त्याच्या पाठीवर बिऱ्हाड. गुरुजी म्हणाले, "पोरी, पटावर गावाचा रकाना असतो. तो मोकळा ठेवता येत नाही मला." आणि त्यांनी लिहिलेल्या नावावरून रेघ ओढली.

झुंबर मेजासमोर उभी होती. म्हणून तिला तिचं नाव दोरावर उभं असलेलं दिसलं होतं, जन्मात पहिल्यांदा. आणि लगेच ती रेघ दिसली. ती पायाखाली नव्हती, पोटातून आरपार गेली होती. पोरगी रडली नाही. पण त्या दिवशीच्या खेळात ती पहिल्यांदा दोरावरून पडली, असं म्हणतात.

पुढे काय झालं? गाव सुटलं, पण खिडक्या सुटल्या नाहीत. जिथे पाल पडेल तिथली शाळा झुंबर हुडकून काढायची आणि गुरुजींच्या पाठीमागची खिडकी गाठायची. एका गावात तीन दिवस, पुढच्या गावात तीन दिवस. 'घ' तिला एका गावी सापडला आणि 'ङ' सापडायला तीन वर्षं लागली, असं म्हणतात. सापडल्यावर कळलं की त्याचा फारसा उपयोग नाही. कुठे बाजारात पुडीचा कागद मिळाला की ती उचलायची, रेघ पायाखाली येईल असा फिरवायची आणि वाचायची. फिरस्त्याच्या पोरीनं कागद कसा धरलाय, हे बघायला कोण थांबतंय? चुकतेस असं तिला कुणी सांगितलंच नाही.

वीस वर्षं गेली. झुंबर आता पालातली करती बाई झाली. सुभानाचे केस पिकले, पण ढोलकीवरचा हात तसाच होता. पालात सगळ्या भावकीची मिळून अठरा लेकरं होती, आणि झुंबर त्यांना रोज सकाळी शिकवायची. पाटी नाही, पेन्सिल नाही. जमिनीवर धूळ सारखी करायची, काठीच्या टोकानं खाली आडवा दोर ओढायचा आणि त्यावर अक्षरं उभी करायची. सगळ्या पोरांना ती आपल्याच अंगाला बसवायची. एखादं पोर समोर जाऊन बसलं की ओरडायची, "तिकडं नगं बसू, येड्या! तिकडनं समदं उलटं दिसतंय. हिकडं ये."

हसा, हसा. पण त्या अठरा लेकरांना वाचता येत होतं. पुडीचा कोणताही कागद द्या, फिरवतील आणि घडाघडा वाचतील.

मग एके दिवशी बिजली नावाच्या पोरीनं विचारलं, "आत्ये, नदी कुठनं येती गं?" झुंबरला सांगता येईना. दुसऱ्यानं विचारलं, बारा पंचे किती. तेही येईना. खिडकीतून जेवढं मिळालं तेवढं तिनं दिलं होतं, आणि आता ओंजळ रिकामी झाली होती. त्या दिवशी तिनं बापाला सांगितलं, "आबा, माझं ऱ्हायलं त्ये ऱ्हायलं. ह्यांचं न्हाई ऱ्हायचं. ह्यांची नावं पटावर चढवायची."

"आपुन चालणारी मानसं," सुभाना म्हणाला. "बसून शिकायचं आपल्या नशिबी न्हाई."

"नशीब कुनी बघितलंय? पट मी बघितलाय. त्याच्यात गावाचा रकाना हाय, नशिबाचा न्हाई."

"कंच्या गावाला जायचं मग?"

"जिथं रेघ वढली तिथं," झुंबर म्हणाली.

पाल चिंचखड्याला आलं. तीन दिवस खेळ झाले, गाव खूश झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खेळ संपल्यावर झुंबर तुळाजी पाटलांपुढे उभी राहिली. शेजारी धोंडोपंत गुरुजी होते, आता टक्कल पडलेले. तिनं पसा पसरला नाही. "पाटील, भाकर नगं. ह्या अठरा लेकरांना साळंत घ्या."

तुळाजी पाटील हा माणूस तसा रीतीचा, पण रिवाजाच्या बाहेर एक पाऊल टाकायचा नाही. "झुंबरे, रिवाज म्हंजे रिवाज. उद्या चवथा दिस. पाय जमिनीला लागता कामा न्हाई."

"जमिनीलाच ना?"

"जमिनीलाच."

"बरं," झुंबर म्हणाली.

मग तिनं काय केलं, ते तुम्हाला चिंचखड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तिनं शाळेपुढच्या एका चिंचेला दोराचं एक टोक बांधलं, दुसरं टोक दुसऱ्या चिंचेला बांधलं, दोन पुरुष उंच. चढली आणि मधोमध जाऊन उभी राहिली. "आबा," तिनं हाक मारली, "लेकरं घिऊन वढ्यापल्याड जा. ह्यांची नावं पटावर चढल्याबिगर मी खाली उतरत न्हाई."

चौथा दिवस उजाडला. पाटलाची माणसं आली. पाल गेलेलं, गाढवं गेलेली, चुलीची राखसुद्धा भरून नेलेली. आणि शाळेपुढे हवेत झुंबर. तिचा पाय चिंचखड्याच्या जमिनीला लागलेला नव्हता. रिवाजानं काय करायचं? रिवाजाला वर बघायची सवयच नव्हती.

पहिले दोन दिवस गावानं मजा केली. पोरं खालून विचारायची, "झुंबरबाई, वरनं मुंबई दिसती का?" ती म्हणायची, "मुंबई न्हाई, तुझ्या पाटीवरचं चुकलेलं दिसतंय." आणि खरंच चुकलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी हसणं कमी झालं. ऊन तापायला लागलं होतं. चौथ्या दिवशी कुणीतरी लांब बांबूच्या टोकाला फडक्यात भाकरी बांधून वर केली. ती भाकरी पाटलाच्याच घरची होती, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं फक्त पाटलाला.

ती झोपायची कशी? ओढणीनं स्वतःला दोराशी बांधून, असं म्हणतात. आणि बाकीचं कसं करायची, हे एखादं चावट पोर दरवेळी विचारतंच. चिंचेला फांद्या असतात आणि फांद्यांना पाला असतो. गोष्ट ऐकायची असेल तर ऐका.

पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रोज पहाटे ओढ्यापलीकडून, शिवेबाहेरून, ढोलकी ऐकू यायची. सुभाना वाजवायचा. खेळाच्या सुरुवातीला वाजवतात तो ठेका. त्याचा अर्थ एवढाच: आम्ही आहोत, गेलो नाही. झुंबरच्या पायांना सूज आली होती, तळव्यांना दोराचे वळ पडले होते, ओठ फुटले होते. कधी कधी तिला वाटायचं, आता उतरावं. कुणी काय म्हणणार आहे? मग ढोलकी वाजायची आणि ती पुन्हा काठी आडवी धरायची.

पाटलानं म्हातारबा सुताराला बोलावलं. "दोर तोड."

म्हातारबानं दोराकडे बघितलं, वर झुंबरकडे बघितलं आणि लाकूड तासायची वाकस खांद्यावर टाकली. "पाटील, वाकस माझी हाय. लाकडाला लागंल, लोखंडाला बी लागंल. मानूस हुबं ऱ्हायलेल्या दोराला न्हाई लागायची." आणि घरी निघून गेला. पाटलानं पुन्हा कुणाला सांगितलं नाही. सांगून ऐकलं नाही तर शोभा होते, हे त्याला कळत होतं.

झुंबर किती दिवस दोरावर राहिली? कुणी सात म्हणतं, कुणी अकरा. माझी आजी एकवीस सांगायची. दर पिढीला दोन-चार दिवस वाढतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. तिचं जेवढं व्हायचं राहिलं होतं, तेवढे दिवस तिच्या पदरात टाकले तरी कमीच.

मग एका सकाळी घोड्यावरून दिपोटी आले. दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. साहेबांनी शाळेपुढे घोडा थांबवला आणि वर बघितलं.

"गुरुजी, हे काय?"

गुरुजींनी घाम पुसत सगळं सांगितलं. अगदी वीस वर्षांपूर्वीची ओढलेली रेघसुद्धा सांगितली. ती त्यांच्या मनात टोचत होती, हे तेव्हा गावाला कळलं.

दिपोटींनी विचारलं, "बाई, तुझ्या मुलांना काय येतं?"

"वाचाया येतंय, सायेब."

"डोंबाऱ्याच्या मुलांना?" साहेब थोडे हसले, पण माणूस शब्दाचा होता. "बोलाव. मी फळ्यावर लिहितो ते त्यांनी वाचून दाखवलं, तर गाव असो नसो, नावं पटावर घालतो. नाही वाचलं, तर तू खाली उतरायचं आणि हा तमाशा पुन्हा करायचा नाही. कबूल?"

"कबूल," झुंबर म्हणाली. तिला शंकाच नव्हती.

ओढ्यापलीकडून अठरा लेकरं आली; साहेबांचा हुकूम, म्हणून पाटील आडवे आले नाहीत. आत बसवायची सोय नव्हती, म्हणून फळा बाहेर आणून ओसरीच्या खांबाला टेकवला. सगळा गाव गोळा झाला. साहेबांनी खडू घेतला आणि शाळेत रोज म्हणतात तेच साधं वाक्य मोठ्या अक्षरात लिहिलं. मग बाजूला झाले.

लेकरं बघत राहिली.

एक ओळखीचं अक्षर नाही. बिजलीनं मान वाकडी केली, दुसऱ्यानं डोळे चोळले. मागून कुणीतरी खिदळलं आणि मग सगळा गाव हसला. पाटील हसले नाहीत, पण त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

वरून झुंबरनं फळ्याकडे बघितलं. फळ्यावर दोर होता. पण दोरावर कुणीच नव्हतं. सगळी अक्षरं दोराखाली लोंबकळत होती. दोराखाली लोंबलं ते पडलं! हे लिहिणं कुठलं? मग आपण वीस वर्षं जे गोळा केलं ते काय होतं? खिडक्या खोट्या होत्या? की आपणच खोटं शिकलो आणि या अठरा जीवांना तेच पाजलं? ऊन, उपास, जागरणं सोसलेली बाई ती. हे मात्र तिला सोसलं नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली, हातातली काठी सुटली, आणि झुंबरचा पाय दोरावरून सरकला.

सगळा गाव ओरडला. पण डोंबाऱ्याच्या अंगाला आपलं शहाणपण असतं. पडता पडता तिचे गुडघे दोराला अडकले आणि ती उलटी लटकली. जन्मात न लटकलेली झुंबर, नावासारखी लटकली. वेणी खाली, पाय वर, जमीन डोक्याच्या बाजूला. तिनं डोळे उघडले. समोर फळा होता.

आणि फळ्यावर दोर पायाखाली होता. त्यावर एकेक अक्षर ताठ उभं होतं, नऊ वर्षांची असताना खिडकीतून पाहिलं होतं तसंच. तिला एका क्षणात सगळं कळलं: खिडकी, पाट्या, गुरुजींची शेंडी, सगळं. ती इतक्या मोठ्यानं हसली, की ओढ्यापलीकडे सुभानाला ऐकू गेलं, असं म्हणतात.

"लेकरांनो," ती तशीच लटकत ओरडली, "हातांवर व्हा!"

डोंबाऱ्याच्या पोरांना हे दोनदा सांगावं लागत नाही. अठरा जोड हात जमिनीला टेकले, अठरा जोड पाय वर गेले. शाळेपुढच्या अंगणात अठरा लेकरं डोकी खाली करून ओळीनं उभी राहिली, आणि एका सुरात, एका दमात वाचलं:

"उद्या वेळेवर या."

गाव गप्प झाला. इतका गप्प, की शाळेतलं घड्याळ ऐकू आलं. नेमकं त्या दिवशी ते चालू होतं. दिपोटींनी फळा पुसला, दुसरं वाक्य लिहिलं. पोरांनी तेही वाचलं. तिसरं लिहिलं, तेही वाचलं. साहेबांनी खडू खाली ठेवला. ते हसत होते, आणि डोळ्यांना उपरणंही लावत होते.

पण पाटील पुढे आले. "सायेब, वाचलं, मान्य हाय. पर आमचा रिवाज? उद्या त्यांचा पाय जमिनीला लागायचा न्हाई."

झुंबर अंग उचलून पुन्हा दोरावर बसली. वरूनच म्हणाली, "पाटील, आजवर समद्या गावांनी आमाला सांगितलं, उद्या जावा. उद्या या असं आमाला कुनी म्हनलं न्हाई. आज पयल्यांदा सायबानं म्हनलं, आन त्ये बी लिहून म्हनलं. लिहिल्यालं खरं असतंय का न्हाई, येवढं सांगा. खोटं असंल तर मी उतरते, आन लेकरं बी साळंत घालत न्हाई. खोटं लिहिणं शिकून काय करायचं?"

तुळाजी पाटील फळ्याकडे बघत राहिले. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. या उलट्या टांगलेल्या बाईला येतं आणि आपल्याला येत नाही, हे त्यांच्या मनात आलं असेल का? असेल. शेवटी ते खाकरले आणि म्हणाले, "रिवाज गावच्या जमिनीचा हाय. साळंची जागा सरकारी बोर्डाची. तितं रिवाज लागत न्हाई." आणि भराभर घरी गेले. एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. माणसानं माघार घेतली तर त्याची पावलं मोजू नयेत, वाट सोडावी.

गुरुजींनी पट उघडला. टाक शाईत बुडवला. अठरा नावं, अठरा बापांची नावं. मग रकान्याशी हात थांबला. त्यांनी वर बघितलं.

"गाव?"

झुंबर म्हणाली, "आज हेच."

"आणि उद्या?"

तिनं फक्त फळ्याकडे बोट केलं. पहिलं वाक्य पुसलं होतं, पण खडूची फिकट खूण राहिली होती. धोंडोपंत गुरुजींनी ती वाचली, मान खाली घातली आणि एकाखाली एक अठरा वेळा लिहिलं: चिंचखडा, चिंचखडा, चिंचखडा. मग थांबले आणि न विचारता एकोणिसावं नाव लिहिलं. झुंबर सुभाना. गाव चिंचखडा. तेव्हा झुंबर खाली उतरली. ती जमिनीवर बसली आणि आडवी झाली. पाटलीण धावत आली, गुळाचं पाणी घेऊन.

पुढे त्या लेकरांनी पाटी फिरवून सुलटं वाचायला शिकून घेतलं. त्याला म्हणे चार दिवससुद्धा लागले नाहीत. शाळेच्या जागेत, चिंचांच्या मागे, त्यांची पालं पडली. मोठी माणसं खेळ करत गावोगाव जायची, लेकरं राहायची, आणि त्यांना सांभाळायला एक म्हातारा नि एक ढोलकी राहायची. झुंबर मात्र दोर घेऊन निघाली. ज्या गावात फिरस्त्याच्या पोराला दारातून परत पाठवलं असेल, तिथे जाऊन ती शाळेपुढे दोर बांधायची. पुढे पुढे तर चढायचीही गरज पडत नसे, तिनं झाडाला गाठ मारायला घेतली की गुरुजी आतून ओरडायचे, "बाई, राहू दे, पट उघडलाय!" अशा सतरा शाळा झाल्या, असं म्हणतात. मी मोजल्या नाहीत.

ती मेली कशी, याबद्दल एकमत नाही. कुणी म्हणतं, म्हातारपणी चिंचेखाली बसल्या बसल्या गेली. कुणी म्हणतं, तिनं शेवटचा दोर बांधला त्याचं दुसरं टोक कुणाला दिसलं नाही, आणि ती काठी आडवी धरून चालत गेली ती परत आली नाही. मला दुसरं खरं वाटतं. तुम्हाला पहिलं वाटलं तरी भांडणार नाही.

पण चिंचखड्यात आजही पहिलीच्या पोराला पहिल्या दिवशी पाटी दिली, की बाई आधी खालच्या बाजूला रेघ ओढतात. पोर त्या रेघेवर अक्षर उभं करतं, हात धरून करवून घेतात. मग सगळी शाळा ओरडते, "फिरव!" आणि पोर पाटी फिरवतं. आधी झुंबरचं अक्षर, मग शाळेचं. शाळा सुटताना फळ्यावर शेवटी दिपोटींचं तेच पहिलं वाक्य लिहितात, आणि ते पुसत नाहीत. सकाळी येणारं पोर ते वाचतं आणि मगच पुसतं.

आणि पटावर गावाचा रकाना अजून आहे. ऊसतोडीची पोरं येतात, मेंढरांमागची येतात, खडी फोडणाऱ्यांची येतात. चिंचखड्याच्या शाळेत त्यांना नाव विचारतात, वडलांचं विचारतात. गाव विचारत नाहीत. परवाच जूनमध्ये शाळा सुटायच्या वेळी एका मेंढपाळाची पोरगी दारात उभी होती, आत यायला लाजत होती. आपणच म्हणाली, "बाई, आमी उद्या जानार हाव." बाईंनी पट उघडला, गावाच्या रकान्यात लिहिलं आणि पट तिच्यापुढे सरकवला. तिला वाचता येत नव्हतं. बाईंनी वाचून दाखवलं, "चिंचखडा." मग फळ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "आणि हे तुझं तू वाचशील. उद्या."